एक चाल, अनेक ऋतू: पायपेटीवरच्या सरावाची नोंद

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, सुरू केलेला सराव ईस्टरच्या पुढे सरकला, म्हणून ही नोंद. बेत छोटाच होता. उपासनेच्या वर्षातल्या प्रत्येक काळाची एखादी जुनी पाश्चात्त्य चाल घ्यायची आणि चारही भागांसकट (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास हे चार आवाज) पायपेटीवर बसवायची. नुसती वरची धून नको, ती तर संडे स्कूलपासून कानात बसलेली असते.

पायपेटीच का, हे हातपेटीवाले हमखास विचारतात. हातपेटीवर डावा हात भात्याला बांधलेला. उजव्या हातात सोप्रानो-आल्टो मावतात, टेनर ओढूनताणून येतो आणि बासवर पाणी सोडावं लागतं. पायपेटीत भाता पायांकडे गेला की दोन्ही हात मोकळे. माझी पेटी जुनी आहे, मंद्रातलं एक रीड पावसाळी हवेत कुरकुरतं. पण बासचा लांब सूर एकदा धरला की जो भारदस्तपणा येतो, तो इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर मला अजून मिळालेला नाही.

सुरुवात ऋतूंनी नाही, दिवसाने केली: संध्याकाळच्या गीताने. बिशप टॉमस केनने सतराव्या शतकात विंचेस्टरच्या शाळेतल्या मुलांसाठी सकाळ, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशी तीन गीतं लिहिली. संध्याकाळचं गीत टॉमस टॅलिसच्या चालीवर म्हणतात. ही चाल केनच्याही शंभरेक वर्षं आधीची, आणि तिची खुबी अशी की टेनर सोप्रानोची हुबेहूब नक्कल करतो, फक्त चार सूर मागे राहून आणि एक सप्तक खाली. उजवा हात पुढे जातो, डाव्याचा अंगठा त्याच्या मागून तीच वाट चालतो. वाचायला सोपं, वाजवायला डोकं फिरवणारं. मी आधी टेनर तोंडाने म्हणत सोप्रानो वाजवला, मग उलट केलं, आणि आल्टो-बास शेवटी घातले. नवशिक्यांना हाच क्रम सुचवेन.

केनच्या तिन्ही गीतांचं शेवटचं, स्तुतीचं कडवं एकच आहे, आणि आज जगभर ते ‘ओल्ड हंड्रेड्थ’वर म्हटलं जातं. ही चाल जिनिव्हाच्या १५५१च्या स्तोत्रसंग्रहातली, लुई बुर्ज्वाच्या नावावर सांगितली जाणारी. नावात शंभर असलं तरी ती तिथे १३४व्या स्तोत्राला होती, इंग्रजीत आल्यावर १००व्याला चिकटली. कडवं एक आणि चाली दोन हे जमतं कसं? गीतसंग्रहाच्या मागच्या पानांवर मीटरची सूची असते, तिथे उत्तर आहे. दोन्ही चाली लाँग मीटरच्या, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, ८.८.८.८. कॉमन मीटर ८.६.८.६, शॉर्ट मीटर ६.६.८.६. आकडे जुळले की शब्द एका चालीवरून उचलून दुसरीवर ठेवता येतात. आपल्याकडे नाट्यपदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच पदाचा मुखडा छापत, तोच व्यवहार. बहुतेक जण ही सूची उघडतही नाहीत. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत कामाची पानं तीच.

नाताळात याचा पुरेपूर वापर केला. रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांचं नाहूम टेटचं गीत १७००च्या सुमाराचं, कॉमन मीटरमधलं. त्याची शिष्टसंमत चाल ‘विंचेस्टर ओल्ड’, १५९२ सालच्या संग्रहातली, गंभीर आणि नेटकी. पण शेफील्डच्या आसपासच्या खेड्यांत नोव्हेंबरपासून पबमध्ये नाताळगीतं म्हणण्याची जुनी रीत आहे आणि तिथे याच शब्दांना कितीतरी वेगळ्या चाली आहेत. त्या भागात गाजलेली एक ‘क्रॅनब्रुक’, कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभाराने रचलेली. पुढे यॉर्कशरवाल्यांनी तिच्यावर डोक्याला टोपी न घालता माळावर फिरणाऱ्या गड्याचं विनोदी गाणं बसवलं. ती वाजवायला लागलो की पाय भाता दाबता दाबता ताल धरतात. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येते, भाग एकमेकांच्या पाठीला लागतात. शब्द तेच, पण ‘विंचेस्टर ओल्ड’वर देवदूत उपासनेला येतो आणि ‘क्रॅनब्रुक’वर जत्रेला. कॉयरमध्ये ज्येष्ठांची पसंती पहिलीला, पोरांची दुसरीला. मला दुसरी आवडली, पण मध्यरात्रीच्या उपासनेत ती वाजवायची माझी हिंमत नाही.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, मात्र माझा समज हलला. तोवर मी धरून चाललो होतो की काही चालींच्या हाडातच ऋतू असतो. उत्तम शुक्रवारची काट्यांच्या मुकुटाची चाल घ्या. हान्स लिओ हासलरने १६०१ साली ती छापली तेव्हा ते चक्क प्रेमगीत होतं! पुढे पॉल गेरहार्टच्या शब्दांशी ती जोडली गेली आणि जर्मन संगीतकार बाखने सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या गायलेल्या आख्यानात, पाच वेळा वापरली. पहिली ओळ पेटीवर अशी येते: सा म ग रे सा नि सा, त्यात गंधार, रिषभ, निषाद कोमल. सरळ भैरवीचे सूर. शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेत ही वाजली की मंडळी आपोआप आवाज खाली घेते. आता दुःख या सुरांतच आहे असं म्हणावं, तर बाखनेच ख्रिसमस ओरेटोरिओच्या शेवटी हीच चाल तुताऱ्या आणि नगाऱ्यांच्या गजरात लावली आहे, आणि ती तिथे विजयाची वाटते. मी दोन्ही प्रकारची साथ एकामागून एक वाजवून पाहिली. वरची धून तशीच ठेवून खालचे सूर मेजरकडे वळवले आणि लय वाढवली की शुक्रवार संपतो. ऋतू आणतात ते लय, बास आणि आपली सवय. धून बिचारी निरागस.

ईस्टरवर फार लिहिण्यासारखं नाही. ‘ईस्टर हिम’ (१७०८) वर चढते तिथे पुरुषमंडळी गप्प होतात, म्हणून पट्टी पांढरी एकवर आणली. चाळीस दिवस बाजूला ठेवलेलं हालेलूया प्रत्येक ओळीला येतं, तेव्हा कुणाला साथीकडे लक्ष द्यायला वेळ नसतो.

या सगळ्यात सर्वांत रमलो ते एका आगाऊ प्रयोगात. लहान अभंगाच्या चरणात आठ अक्षरं, आणि अक्षरछंदात सगळी अक्षरं लांबवूनच म्हणायची. जिनिव्हाच्या चालीतही बहुतेक एका अक्षराला एक सूर. मग तुकोबांचं ‘जे का रंजले गांजले’ ओल्ड हंड्रेड्थवर ठेवून पाहिलं. पांढरी पाचचा सा धरा: सा सा नि ध प सा रे ग, जे-का-रं-ज-ले-गां-ज-ले. बरोब्बर. चार चरण, चार ओळी. चौथी ओळ एकदम पंचमावर उडी घेते, आणि ती उडी येते ‘देव’वर. रिषभावर ‘थें’ आणि मध्यमावर ‘चि’ पडतं, तेही ठसठशीत. कुठेही कुबडी लागत नाही. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं रेव्हरंड टिळक म्हणत. त्या पुलावर इतकी रहदारी दोन्ही दिशांनी होऊ शकते हे पेटीवर बसल्यावर कळलं. मोठा अभंग (६.६.६.४) मात्र सूचीतल्या माझ्या ओळखीच्या एकाही चालीत बसत नाही. त्याला आपल्या भजनाच्याच चाली बऱ्या, आणि टिळकांनी मंडळीला भजनाकडे वळवलं ते योग्यच केलं.

पुढची चाल ठरली आहे: ‘न्यू ब्रिटन’. जॉन न्यूटनचं कृपेचं गीत (‘अमेझिंग ग्रेस’) १७७९ साली छापलं गेलं आणि ही चाल त्याला अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली, म्हणजे आज अतूट वाटणारी जोडी अर्धशतकभर एकमेकांना ओळखतही नव्हती. चालीत सा रे ग प ध एवढेच सूर, सरळ भूपाचे. अडचण अशी की चार भाग घातले की आल्टो-टेनरमध्ये मध्यम आणि निषाद शिरतात आणि भूप मोडतो. म्हणून नुसता सा-प धरून, वर एकच धून ठेवून पाहायचा विचार आहे. आल्टोवाल्या बायकांचा याला आत्ताच विरोध आहे, कारण मग त्यांना गायला काही उरतच नाही.