सोलापूरहून सर्फिंग: तिथी, वाळूचा दांडा आणि रिकामी पुळण

सोलापूरला समुद्र नाही, पण समुद्राचं वेळापत्रक इथंच छापलं जातं. दाते पंचांग घ्या आणि त्यातली तिथी बघा. कोकणातल्या भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट पुरते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. ही पूर्ण भरतीची वेळ, अर्धा तास मागेपुढे. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा हीच. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. कोळी लोक हा हिशोब बोटांवर करतात. मोबाइलमधला भरतीचा तक्ता जास्त अचूक असतो, तोही बघावा, पण चार महिने आधी सुट्टी टाकायची असेल तर कॅलेंडरवर नुसती तिथी पाहून काम भागतं.

हे सगळ्यात आधी सांगायचं कारण अंतर. सोलापूर ते रत्नागिरी मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं पावणेचारशे किलोमीटरच्या घरात जातं. मालवणकडे कोल्हापूरवरून गगनबावडा किंवा फोंडा घाटाने उतरलं तरी साधारण तेवढंच. आठ-नऊ तास गाडी हाकून चुकीच्या तासाला पाण्यात उतरलं की हाती लागतो तो फक्त खारट घोट. म्हणून आधी किनारा ठरवू नका, आधी शनिवार-रविवार ठरवा.

नवशिक्याला हवं असतं अर्ध्या भरतीचं, चढतं पाणी. पूर्ण ओहोटीला लाट उथळ दांड्यावर, म्हणजे काठासमोरच्या पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, एकदम आपटते. पूर्ण भरतीला दांड्यावर पाणी इतकं होतं की लाट तिथं मोडतच नाही. थेट काठाच्या उभ्या उतारावर येऊन कोसळते, आणि गुडघाभर पाण्यात मानेला, खांद्याला मार बसतो. दुसरी अट वाऱ्याची. शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथं उपयोगी पडतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो समोरून लाटेला थोपवून धरतो, लाट उशिरा आणि स्वच्छ मोडते. दहा-साडेदहानंतर खारा वारा सुटला की पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसायला लागतात, मग लाटेला आकार राहत नाही. म्हणजे कामाची वेळ साडेसहा ते दहा.

दोन्ही अटी एकत्र बसतात त्या द्वादशी-त्रयोदशीला. भरती नऊ ते पावणेदहाला पूर्ण, त्यामुळे सकाळी उजाडताच अर्धं पाणी आणि तेही चढतं. एकादशी चालते, फक्त सव्वाआठलाच भरती संपते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी फार वरखाली होत नाही, पण सकाळभर ओहोटी चालू असल्यानं आत ओढणारे प्रवाह जोर धरतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन दिवस उधाण सर्वांत मोठं. नवख्यांनी ते सोडून द्यावेत. एकच अपवाद लक्षात ठेवा: कार्तिकी एकादशी नेमकी हंगामात येते, आणि त्या आठवड्यात पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून रात्री गाडी काढणं म्हणजे दोन तास जास्तीचे धरा.

हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र सर्फिंगचा नाही, एवढंच बोलून हा विषय संपवतो. १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीही बंद असते. थंडीत लाटा वायव्येकडून येतात, लहान असतात आणि एकामागून एक लवकर येतात. दोन लाटांमधलं अंतर सहा ते आठ सेकंद. शिकायला या उत्तम. एप्रिल-मेमध्ये थेट दक्षिण महासागरातून निघालेल्या लाटा पोचायला लागतात. त्यांचं अंतर चौदा सेकंदांच्या वर जातं. सागरी अंदाजात उंची ०.८ मीटरच दिसते, आणि काठावर त्या छातीएवढ्या उभ्या राहतात. म्हणून नुसती उंची वाचू नका. लाटेचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो, १ मीटरची दीड मीटर झाली की सव्वादोन पट, आणि त्यात दोन लाटांमधल्या सेकंदांचीही भर पडते. शिकणाऱ्याने ०.५ ते १ मीटर आणि सात ते अकरा सेकंद यातच राहावं. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा सागरी अंदाज मोफत मिळतो. तिथं उसळत्या लाटांचा इशारा असेल तर गाडी वळवा आणि कोल्हापुरात जेवून परत या.

आता किनारा. सिंधुदुर्गात आचरा, तोंडवळी, मिठबाव, शिरोड्याजवळची वेळागर अशा लांब पुळणी आहेत. तारकर्लीत बोटी आणि पॅराशूटची वर्दळ असते. गणपतीपुळ्याला उतरूच नका. तिथला उतार आणि प्रवाह यांनी पोहणाऱ्यांचेही बळी घेतलेत. कुठंही गेलात तरी खाडीच्या मुखापासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहा, ओहोटीला खाडी सगळं पाणी बाहेर फेकते. पुळणीच्या टोकाच्या खडकांपासूनही लांब. खडकाला लागून जवळजवळ कायमचा आत जाणारा प्रवाह असतो.

रिकाम्या किनाऱ्याचं सुख सगळ्यांना कळतं. अडचण अशी की गर्दीच्या किनाऱ्यावर कुठं उतरायचं हे आधी उतरलेले लोक दाखवतात, इथं ते तुम्हालाच ओळखावं लागतं. आणि वाळूचा तळ जागेवर राहत नाही. पावसाळ्यात मोठ्या लाटा काठाची वाळू ओढून आत नेतात आणि तिचे दांडे बनतात. पुढं शांत महिन्यांत तीच वाळू हळूहळू काठाला परतते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जिथं छान लाट मोडत होती तिथं मार्चमध्ये काहीच नसतं. कुणी सांगितलेली ‘सुरूच्या बनासमोरची जागा’ एका हंगामापुरतीच खरी.

पोचल्यावर बोर्ड गाडीवरच राहू द्या. जरा उंचावर, वाळूच्या टेकाडावर किंवा रस्त्याच्या कठड्यावर उभे राहून वीस मिनिटं नुसतं बघा. लाटा थव्याने येतात; वीस मिनिटांत दोन मोठे थवे तरी दिसतात, आणि त्यांच्यावरून दिवसाचा खरा आकार कळतो. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर मोडते. म्हणजे १ मीटरची लाट जिथं पांढरी होते तिथं पाणी सव्वा मीटर, छातीपर्यंत. मोडण्याच्या जागा जोडल्या की पाण्याखालचा दांडा नजरेसमोर येतो. संपूर्ण लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दमात कोसळत असेल तर दांडा सरळ आहे, तिथं फेसात सराव होईल, पुढं काही नाही. लाटेचा एक बिंदू आधी मोडून फेस दोन्ही बाजूंना सरकत असेल तर ती जागा पकडा.

दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे जिथं लाटा मोडत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं, तिथं नवखा माणूस हमखास उतरतो. तोच रिप करंट. लाटांनी काठाशी आणून टाकलेलं पाणी तिथल्या खोलगट भागातून परत जात असतं. गढूळ वाळू किंवा फेसाचे पुंजके आत जाताना दिसले की खूण पटली. त्यात सापडलात तर काठाकडे झुंजू नका. बोर्ड सोडू नका. तुमच्याकडची सर्वांत मोठी तरंगणारी वस्तू तीच आहे. त्यावर पालथे पडा, काठाला समांतर हात मारत फेस दिसेल त्या बाजूला सरका, आणि फेस तुम्हाला काठाला आणून सोडेल. दमलात तर एक हात उभा करून हलवा.

पाण्यातून आपण कुठं वाहत चाललोय हे कळावं म्हणून काठावर एकामागे एक अशा दोन खुणा धरा, पुढं नारळ आणि मागं विजेचा खांब वगैरे. त्या एका रेषेतून फुटल्या की तुम्ही सरकलात. थंडीतल्या वायव्येच्या लाटा दक्षिणेकडे ढकलतात. दर दहा मिनिटांनी बाहेर या आणि चालत मूळ जागी जा.

रापण, म्हणजे काठावरून दोन दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लावलेली दिसली तर दोन्ही दोरांच्या मधे अजिबात जाऊ नका. रापणकर मोकळे असतील तेव्हा तळाबद्दल विचारा. कुठं खड्डा आहे, कुठं ओढ आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. विचारताना ‘दादा’ म्हणा, आणि ते ‘नको’ म्हणाले तर वाद घालू नका.

माणसं निदान चार: दोन पाण्यात, दोन वाळूवर. वाळूवरच्यांकडे शिट्टी, २५ मीटर दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला पाच लिटरचा कॅन, फेकण्यापुरतं वजन यावं म्हणून चतुर्थांश भरलेला. १०८, ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर मोबाइलमध्ये, आणि कुठल्या कंपनीला तिथं रेंज आहे ते आधीच पाहिलेलं. रात्रभर गाडी चालवलेल्याने त्या सकाळी पाण्यात जायचं नाही. पाठ टेकवायची.

बोर्ड मऊ फोमचा, आठ ते नऊ फुटी. सहा फुटी चकचकीत बोर्ड फोटोत छान दिसतो, शिकायला निरुपयोगी. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, बोर्डाच्या लांबीइतकी, मागच्या पायाच्या घोट्याला. हाताला कधीच गुंडाळायची नाही. पाणी कोमट असतं, वेटसूट लागत नाही, पूर्ण बाह्यांचा लायक्रा टी-शर्ट पुरतो. तो नसेल तर अर्ध्या तासात पोट सोलून निघतं.

सराव मात्र सोलापुरातच व्हायला हवा. जलतरण तलावात न थांबता २०० मीटर आणि जागच्या जागी पाच मिनिटं तरंगणं जमत नसेल तर समुद्र पुढच्या वर्षी. विहिरीत सूर मारणाऱ्यांना खास सूचना: वाळूच्या दांड्यावर डोकं खाली करून उडी मारायची नाही, वरून खोली कळत नाही. उभं राहण्याचा सराव चादरीवर. सोलापुरी चादर लांबीत चौघडी करा, मधोमध खडूने रेघ मारा. पालथे पडा, तळवे बरगड्यांशी, कोपरं अंगाला. छाती उचला, आणि एका झटक्यात मागचा पाय रेघेवर, पुढचा पाय छातीच्या जागी. गुडघा टेकवून उठायची सवय इथंच मोडा, पाण्यात ती जन्मभर सुटत नाही. रोज तीस वेळा, तीन आठवडे. आणि पहिले दोन-तीन धडे शिकवणाऱ्याकडूनच घ्या. मंगळुरूजवळ मुल्कीला, चेन्नईजवळ कोवलमला चांगले शिकवणारे आहेत. चेन्नईला तर सोलापूरहून थेट गाडी आहे.

पाण्यात कंबरेपर्यंतच जा. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे तळाशी दबलेला पाकट मासा बाजूला होतो. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा. बोर्ड नेहमी बाजूला धरा, स्वतःच्या आणि लाटेच्या मधे कधीच नाही. फेसाचा एक धक्का बसला की तो तोंडावर येतो. बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, काठाकडे करून पालथे पडा, पायाची बोटं शेपटीच्या कडेवर, बोर्डाचं नाक पाण्याच्या वर चार बोटं. फेस दोन मीटरवर आला की हात मारायला सुरुवात, आणि धक्का बसल्यावरही आणखी दोन हात. बहुतेकांचं इथंच चुकतं: धक्का बसला की हात थांबतात, लाट खालून निघून जाते. नाक पाण्यात घुसून कोलांटी होत असेल तर तुम्ही फार पुढं आहात, एक वीत मागं सरका. लाट लागते पण बोर्ड शेपूट टेकवून थांबतो, तर फार मागं. उठलात की लगेच पडता, तर नजर पायांकडे आहे. काठावरच्या खुणेकडे बघा. पडताना आडवे, पसरून पडा, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण लीशला ताणलेला बोर्ड परत येतोच.

फेसात दहापैकी सात वेळा सरळ काठापर्यंत उभं राहता आलं की मगच न मोडलेल्या लाटेकडे जा, तीही कंबरेएवढीच.

खाण्याचं सोबत ठेवा. अशा पुळणींवर सकाळी सहाला हॉटेल उघडं नसतं. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि माणशी तीन लिटर पाणी.

परतीचा प्रवास बोर्डाला जास्त धोक्याचा. टपावर बोर्ड उलटा बांधायचा, फिन, म्हणजे शेपटीखालची पाती, काढलेली बरी. काढली नाहीत तर ती वर आणि पुढच्या बाजूला. खाली दुसरी चादर. पट्टे हाताने घट्ट ओढा. खटक्याचे पट्टे आवळले की फोम दबतो. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर सांगोल्यापर्यंत तो घोंघावत राहतो. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो आणि उन्हात बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेनं बोर्डावर पाय घसरू नये म्हणून लावलेलं मेण वितळून वाहतं, आतली हवा फुगून वरचा थर फोमपासून सुटतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. ते दुरुस्त होत नाहीत. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, फिनच्या खोबणीतली वाळू काढा, लीशची दोरी बोर्डाला बांधलेली जागा तपासा. झिजली असेल तर वीस रुपयांची नायलॉन दोरी लगेच बदला. ठेवायचा तो खालच्या मजल्यावर, पलंगाखाली, आडवा. गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेला बोर्ड मे महिना काढत नाही.