थंडरबर्डच्या ग्रिप, लिव्हर आणि माझी आखूड बोटं

दादाची २०१४ ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५० ही मोटरसायकल माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यांनी विचारलं वजन झेपेल का, उंची पुरेल का. सीट एवढी खाली आहे की पाय आरामात टेकतात, त्यामुळे ते प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाले. हाताबद्दल मात्र कोणीच विचारलं नाही आणि खरी बोंब तिथेच होती. माझी बोटं आखूड. क्लचचा लिव्हर बोटांच्या पहिल्या पेरावर यायचा, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं काढली की डावं मनगट बोलायला लागायचं, आणि हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की उजव्या हाताला मुंग्या.

मग मी काय केलं, तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करायला गेले. नाना पेठेतून जाड जेलच्या ग्रिप आणल्या. हातात धरल्यावर काय मऊ लागतात म्हणून सांगू, दुकानातच हरखून गेले. बसवल्यावर मुंग्या थोड्या कमी झाल्या हे खरं, पण ग्रिप जाड झाली म्हणजे तळहात लिव्हरपासून आणखी मागे गेला ना! आधी पहिल्या पेरावर असलेला लिव्हर आता नखांवर आला. दोन-तीन मिलिमीटरचाच फरक, पण आखूड बोटांना तो कळतो. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की ग्रिप आणि लिव्हर ही दोन वेगळी खरेदी नाहीच, अंतर मोजायचं ते तळहातापासून लिव्हरपर्यंत. आणि फोमच्या ग्रिप तर बघूच नका, आपल्याकडच्या पावसात त्यांचा स्पंज होतो, ताम्हिणीत हात पिळत बसावं लागतं.

ग्रिप घेताना आणखी एक. डावीकडे हँडलचा नुसता पाइप असतो, २२ मिलिमीटरचा, उजवीकडे त्यावर थ्रॉटलची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची, प्लास्टिकची नळी, म्हणून उजव्या ग्रिपचं भोक मोठं लागतं. 'दोन्ही सारख्याच आहेत ताई' असं कोणी म्हणालं तर दुकान बदला. आणि बसवताना ऑइल अजिबात लावू नका, नंतर ती ग्रिप हातातल्या हातात फिरते. उजवी ग्रिप हँडलच्या टोकाला बसवलेल्या वजनाला घासत नाही ना तेही बघा, थ्रॉटल सोडल्यावर फटकन मागे आला पाहिजे.

आता लिव्हर. ऑनलाइन ग्रिपपासूनचं अंतर कमी-जास्त करता येणारे सहा पोझिशनवाले, काळे-सोनेरी, दोन बोटांचे शॉर्टी लिव्हर स्वस्तात मिळत होते, खाली लिहिलेलं 'युनिव्हर्सल फिट'. या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. पहिल्याच दिवशी कळलं की क्लच जड झालाय, साहजिक आहे, लिव्हर जितका टोकाला धराल तितका हलका जातो आणि शॉर्टीला टोकच नाही. पण खरी गंमत ब्रेकच्या बाजूला होती. एका सिग्नलला मागचा मित्र म्हणाला, अगं तुझा ब्रेक लाइट चालूच आहे. म्हटलं असेल स्विच खराब, बघू सावकाश.

पुढच्या रविवारी पाचगणीहून उतरताना पसरणी घाटात गाडी जड व्हायला लागली, पुढचा लिव्हर दगडासारखा कडक, आणि एक जळका वास. कशीबशी वाईत आले. गॅरेजवाल्या काकांनी गाडी मेन स्टँडला लावली, पोऱ्याला मागे दाबायला सांगितलं आणि पुढचं चाक हाताने फिरवलं, तर ते जागचं हलेना. डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्रर्र. मग त्यांनी काही न बोलता ब्रेक लिव्हरचा बोल्ट काढला, लिव्हर बाजूला केला आणि चाक मोकळं फिरायला लागलं!

झालं असं होतं की नव्या लिव्हरचं आतलं नाक किंचित जाड, त्यामुळे ब्रेक सोडला तरी मास्टर सिलिंडरचा, म्हणजे लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाचा, पिस्टन जरासा दाबलेलाच राहायचा. ब्रेक लाइट चालू राहायचा तोही त्यामुळेच. तापलेल्या ब्रेक ऑइलला त्याच्या छोट्या टाकीत परत जायचं बारीक भोक पिस्टनमुळे बंद. ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, मग पॅड आणखी दाबतात, आणखी तापतात. शहरात एवढं जाणवलं नाही, घाटात जाणवलं. काकांनी कुठल्याशा जुन्या गाडीचा ओरिजिनल लिव्हर काढून लावला, चाक परत फिरवून दाखवलं आणि म्हणाले, 'ताई, सोनेरी पाहिजे असेल तर बांगड्या घ्या.' राग आला, पण बोलणार काय.

मग घरी येऊन जे आधी करायला हवं होतं ते केलं. क्लचची वायर नवी टाकली, अर्ध जडपण तिथेच गेलं, आठ-नऊ वर्षांची वायर आतून गंजली होती. लिव्हरचे ब्रॅकेट सैल करून जरा फिरवले, आपण सीटवर नेहमीसारखं बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत येईल असे. वायरला थोडा ढिलेपणा दिला म्हणजे क्लच ग्रिपच्या जवळ आल्यावर पकडतो, फार दिला तर न्यूट्रल सापडत नाही, त्यामुळे दोनदा कमी-जास्त करावं लागलं. एवढं झाल्यावर पूर्ण लांबीचे, याच मॉडेलसाठी बनवलेले अॅडजस्टेबल लिव्हर घेतले आणि बसवल्या बसवल्या आधी चाक फिरवून बघितलं. ग्रिप परत साध्या पातळ रबराच्या. मुंग्या येतात अजून, तासाभराने चहाला थांबते.

त्या जेलच्या ग्रिपपैकी डावी भाच्याच्या सायकलला चपखल बसली, सायकलचा पाइपही तेवढाच असतो. उजवी ढिली होते, ती ड्रॉवरमध्ये पडून आहे.