थ्रॉटल सेन्सर: डिजिटल मीटरला दिसेना, काट्याने पकडला

प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, तरी गचका जागच्या जागी. पेडलवर पाय नुसता टेकवून सावकाश चालवलं की गाडी क्षणभर दम सोडते आणि पुन्हा धरते. जोरात दाबलं तर काही नाही. चेक इंजिनचा दिवाही पेटत नाही. म्हणून या रविवारी थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडली ते सांगणाऱ्या सेन्सरकडे, मोर्चा वळवला.

गाडी जुनी, केबलवाल्या थ्रॉटलची. सेन्सर तीन तारांचा, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा पोटेन्शिओमीटर: कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी पत्र्याची पाकळी. (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाल्यांनो, इग्निशन ऑन असताना त्या झडपेत बोट घालू नका, मोटर बोट चिरडेल.)

कनेक्टर काढला नाही. मागून, तारेच्या कडेने रबरी सीलमधून टाचणी आत सरकवली आणि टाचणीला डिजिटल मीटरचा प्रोब लावला. तारेचं आवरण टोचणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं पडतं.

इग्निशन ऑन, इंजिन बंद, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर. पुरवठ्याच्या तारेवर ४.९८ व्होल्ट, ग्राउंडवर ०.०२. इथे ०.१ च्या वर काही दिसलं असतं तर सेन्सर सोडून वायरिंगच्या मागे लागलो असतो. सिग्नलच्या तारेवर, थ्रॉटल बंद असताना, ०.५४.

मग धाकट्याला आत बसवलं. ‘पूर्ण दाब.’ ‘दाबलंय, दादा!’ मीटरवर ३.९१. साधारण ४.५ च्या आसपास हवं, म्हणून मी खूश, सापडला एकदाचा! पण बॉनेटखालून हाताने झडप फिरवली तर ४.४७. सेन्सर बिचारा निर्दोष. पेडलमागे मॅट दुमडून बसलं होतं. इतके दिवस गाडीला पूर्ण थ्रॉटल मिळतच नव्हता आणि मी मात्र पिकअप नाही म्हणून कुरकुरत होतो.

मॅट सरळ केलं, पण गचक्याचा त्याच्याशी काय संबंध? झडप हाताने मुंगीच्या चालीने उघडत नेली. ०.५४, ०.७१, ०.९३, १.२०... आकडा शहाण्यासारखा चढत गेला. तीनदा केलं, तीनदा तेच. इथे मी जवळजवळ हार मानली होती.

मग माळ्यावरचा काट्याचा मीटर आठवला. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधला क्षणभराचा खड्डा त्याच्या नजरेतून निसटतो. काटा मात्र थरथरतो. जुना मीटर सिग्नलवर भार टाकेल ही धास्तीही नको: माझा २० किलोओहम प्रति व्होल्टचा आहे, १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहम होतात; सेन्सर ५ किलोओहमच्या आतला, त्याच्यापुढे मीटरचा भार नगण्य.

काटा सरळ चढला आणि ०.९ च्या जवळ टुणकन खाली आपटून पुन्हा वर आला. सहापैकी पाच वेळा, त्याच जागी. त्या जागेवर झडप धरून सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली, तरी तेच. पेडलवर पाय नुसता टेकलेला असताना झडप नेमकी इथेच असते, त्यामुळे पट्टीही इथेच झिजते. पाकळी उचलली गेली की सिग्नल पडतो, ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं पाय काढला, आणि ते पेट्रोल आखडतं. हे इतक्या झटकन घडतं की बिघाडाचा कोड नोंदवायला वेळच मिळत नाही.

कनेक्टर काढून ओहमही मोजले. दोन टोकांमध्ये ४.८ किलोओहम, एकदम स्थिर. नुसतं एवढंच पाहिलं असतं तर सेन्सर पास!

नवा बसवला. स्क्रूची भोकं लांबट आहेत, त्यामुळे तो थोडा फिरवून ०.५४ वर आणला. स्क्रू आवळताना ०.५८ झाला, पुन्हा सैल केला, तिसऱ्या खेपेला जमलं. जुना हॅकसॉने कापून पाहिला: काळ्या पट्टीवर सुरुवातीलाच तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ओरखडा.

गचका गेला. आयडलिंग अजून किंचित चढं आहे. पुढच्या रविवारी आयडलिंगची हवा सांभाळणारा आयडल एअर व्हॉल्व्ह काढतो.