मागच्या खोलीत रेंज येईपर्यंत

आईचं हाडाचं ऑपरेशन झालं आणि तिला घराच्या मागच्या खोलीत हलवलं. तेव्हापासून ती फोनवर बोलायला वॉकर धरून पॅसेजमध्ये यायला लागली. खोलीत रेंजच नव्हती. फोन वाजायचा, ती "हॅलो, हॅलो" करायची, पलीकडे तिचा आवाज तुटक जायचा, मग ती उठायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की घाईने उठायचं नाही. पण फोन वाजला की माणूस घाईनेच उठतो. एकदा तिचा पाय चटईत अडकला. दाराची चौकट हाताशी होती म्हणून पडली नाही. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, आता या फोनचं काय ते एकदा मार्गी लावायचं.

त्याच आठवड्यात कंपनीचा मेसेज आला होता: 'तुम्ही अपग्रेडसाठी पात्र आहात.' नवा फोन, वाढीव डेटा, आपण फक्त हो म्हणायचं. याआधी मी असं दोनदा हो म्हटलं होतं. या वेळी आधी बिल उघडलं.

बिल ईमेलवर यायचं, पैसे खात्यातून आपोआप जायचे, त्यामुळे ते ओळ न् ओळ वाचायची वेळच कधी आली नव्हती. वाचलं तेव्हा कळलं की माझं कॉन्ट्रॅक्ट २४ महिन्यांचं होतं आणि ते तीन महिन्यांपूर्वीच संपलं होतं. बिल मात्र तेवढंच येत होतं. त्या एका रकमेत दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या, सेवेचं भाडं आणि हातातल्या फोनचा हप्ता. फोनची किंमत चोविसाव्या महिन्यात फिटली होती. तरी पुढचे तीन महिने मी तो हप्ता भरतच होते. काही कंपन्या हप्ता बिलात वेगळा दाखवतात आणि तो संपला की बिल आपोआप खाली येतं. माझ्या प्लॅनमध्ये तसं नव्हतं. आपण होऊन सांगितल्याशिवाय एक पैसाही कमी होणार नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि आजही वाटतं. फिटलेल्या वस्तूचे पैसे मागत राहणं बरोबर नाही, मग ते अटींमध्ये कितीही बारीक अक्षरात लिहिलेलं असो.

वहीत दोन रकाने आखले. डावीकडे अपग्रेड: दरमहाची रक्कम गुणिले २४, अधिक सुरुवातीला भरायचे पैसे. उजवीकडे आहे तोच फोन: फक्त सिमचा प्लॅन गुणिले २४, अधिक नवी बॅटरी. उजवा रकाना डाव्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. मग तोच नवा फोन बाहेरून रोखीने घेतला तर काय, हेही मांडून बघितलं. तरीही डावीकडचा आकडाच मोठा राहिला. दरमहाचा आकडा लहान दिसतो, म्हणून आपण तो पूर्ण मुदतीने गुणून बघतच नाही.

बॅटरी मांडली, कारण मला नवा फोन हवासा वाटत होता तो तिच्यामुळेच. दुपारी तीनला फोन मान टाकायचा. सेटिंगमध्ये बघितलं तर बॅटरीची क्षमता ७६ टक्क्यांवर आली होती. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, त्यामुळे दोन-सव्वादोन वर्षांत हे व्हायचंच होतं. बाकी फोनला काही झालेलं नव्हतं. सिक्युरिटी अपडेट अजून दोन वर्षं मिळणार होते, हे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बघून घेतलं. बॅटरी बदलली आणि नव्या फोनची ओढ तिथेच संपली.

डेटाचं फार बोलण्यासारखं नाही. प्लॅन ६० जीबीचा. मागच्या बारा बिलांत सगळ्यात जास्त वापर १४ जीबी. घरी वायफाय आहे, मग आणखी डेटा घेऊन मी करणार काय?

खरी अडचण आईच्या नंबराची होती. तिचा नंबर माझ्याच खात्यावर आहे, पण तो मी माझ्यानंतर आठ महिन्यांनी जोडला होता. म्हणजे तिच्या कॉन्ट्रॅक्टचे पाच महिने अजून बाकी होते. खातं एक असलं की मुदतही एक, असं मी धरून चालले होते. प्रत्येक नंबरची मुदत वेगळी असते आणि ती ॲपमध्ये नंबर निवडल्यावरच दिसते. मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं एकरकमी द्यावं लागणार होतं. शिवाय मी एकटी बाहेर पडले असते तर दोन नंबरांवर मिळणारी सवलत गेली असती. पुन्हा वही काढली. आईचा प्लॅन साधा, फक्त सिमचा. तिचे पाचही महिन्यांचे पैसे मिळून माझ्या एका महिन्याच्या बिलापेक्षा थोडे कमीच भरत होते. मी स्वस्त प्लॅनवर गेले तर ते दोन महिन्यांत वसूल होत होते. म्हणजे दंड भरूनही बाहेर पडणं परवडत होतं.

पण जायचं कुठे? स्वस्त कंपन्या पुष्कळ आहेत. मात्र त्यांतल्या बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे टॉवरच नसतात, त्या मोठ्या कंपनीच्या टॉवरवर चालतात. सगळ्यात स्वस्त म्हणून मी जी जवळजवळ नक्की केली होती, ती आमच्या जुन्याच कंपनीच्या टॉवरवर चालत होती. म्हणजे बिल कमी झालं असतं आणि आई पॅसेजमध्येच उभी राहिली असती. ते नाव मी खोडलं.

कंपन्यांच्या साइटवर कव्हरेजचा नकाशा असतो. त्यात आमचं घर सगळ्यांच्याच रंगात न्हालेलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, नकाशा मोकळ्यावरचा असतो. तू घरात फिरून मोज." रेंजच्या दांड्यांवर विसंबायचं नाही, हेही त्यानेच शिकवलं, कारण कुठल्या फोनने किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याला एक माप नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात असतो. अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'सिम स्टेटस' उघडलं की तो सापडतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीला उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० ला काम भागतं, उणे ११५ च्या खाली गेलं की आवाज तुटायला लागतो.

मी पेन्सिल घेऊन निघाले. पुढच्या खोलीत उणे ९४. स्वयंपाकघरात उणे १०५. आईच्या खोलीच्या दारात उणे ११३. पलंगाच्या उशाशी, ती जिथे फोन ठेवते तिथे, उणे १२१. आई बघत होती. म्हणाली, "काय गं, भिंतींचा ताप मोजतेस का?" मी म्हटलं, "हो, आणि तुझ्या खोलीला भरलाय."

आता दुसऱ्या कंपनीचं सिम लावून हेच करायचं होतं. काही कंपन्या थोड्या दिवसांसाठी चाचणीचं ई-सिम (फोनमध्येच उतरणारं, कार्डाशिवायचं सिम) देतात, ते मागवलं. क्यूआर कोड स्कॅन केला आणि पडद्यावर आलं: हा फोन नेटवर्कला लॉक आहे. कॉन्ट्रॅक्टवर घेतलेला फोन कंपनी कधी कधी स्वतःच्या सिमपुरता बांधून ठेवते, हे मला माहीतच नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं, पैसे फिटले, तरी कुलूप तसंच होतं. ते काढायला अर्ज करावा लागतो. *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक येतो, तो अर्जात भरायचा. भरला. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी फोन केला तर कळलं, अर्जात एक आकडा चुकीचा नोंदला गेला होता. पुन्हा अर्ज, पुन्हा थांबणं. नऊ दिवस गेले, आणि त्या नऊ दिवसांत चाचणीच्या सिमची मुदतही संपली. आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन, बाकी काहीही ठरवायच्या आधी फोनचं लॉक तपासा. दुसऱ्या कंपनीचं कुणाचंही सिम मिनिटभर घालून बघितलं की कळतं.

भाच्याच्या मित्राकडे त्या दुसऱ्या कंपनीचं सिम होतं. तो रविवारी आला. आईच्या उशाशी फोन ठेवला. उणे १०१. वीस डीबीचा फरक. ऐकायला लहान वाटतो, पण हे माप असं आहे की १० डीबीला ताकद दहापट होते आणि २० ला शंभरपट. कारणही समजलं. जुन्या कंपनीचा सिग्नल आमच्याकडे १८०० मेगाहर्ट्झवर येत होता, या कंपनीचा ८०० वर. लहरी जितक्या कमी फ्रिक्वेन्सीच्या, तितक्या त्या भिंतींतून चांगल्या पार होतात. आमची मागची खोली दोन जाड भिंतींच्या आड आहे.

मधल्या काळात मी जुन्या कंपनीला फोन केला, कारण त्यांनाही संधी द्यायला हवी होती. इतकी वर्षं त्यांच्याकडे होते. सोडायचं म्हटल्यावर कॉल दुसऱ्या विभागात गेला. बोलणारा मुलगा सौजन्याने वागला.

"मॅडम, घरात वायफाय आहे ना? मग वायफाय कॉलिंग चालू करा, खोलीत रेंजची गरजच नाही."

हे त्याने खरंच कामाचं सांगितलं. लगेच चालू केलं आणि दोन दिवस आई खोलीतून छान बोलली. तिसऱ्या दिवशी वीज गेली. राऊटर बंद आणि फोन पुन्हा मुका. वीज गेली की घरात अंधार असतो, आणि आईने मला हाक मारायची गरज नेमकी तेव्हाच जास्त. ज्यांच्या घरी तसा प्रश्न नाही त्यांनी मात्र कंपनी बदलायच्या आधी वायफाय कॉलिंग जरूर करून बघावं.

पैशांच्या बाबतीत त्याने ३० टक्के सवलत देऊ केली. "आजच्या आज हो म्हणालात तरच, मॅडम." मी म्हटलं, "लिहून पाठवा, वाचून सांगते." ईमेल आलं. सवलत पहिल्या १२ महिन्यांची, कॉन्ट्रॅक्ट २४ महिन्यांचं. म्हणजे पूर्ण मुदतीवर धरली तर १५ टक्केच. आणि दरवर्षी दर वाढणार तो सवलतीच्या आधीच्या रकमेवर. शिवाय त्या दिवसापासून नवे २४ महिने सुरू. फोनवर यातलं काही खोटं सांगितलं नव्हतं, फक्त निम्मं सांगितलं होतं. मी नम्रपणे नाही म्हटलं. आश्चर्य म्हणजे, आजच संपणारी ती ऑफर पुढच्या आठवड्यातही ॲपमध्ये दिसत होती.

नंबर जाईल ही भीती मलाही होती. माझा नंबर सोळा वर्षांचा आहे. आईचा तर दवाखान्याच्या फाईलवर, बँकेत, तिच्या मैत्रिणींच्या हाताने लिहिलेल्या डायऱ्यांमध्ये आहे. पूर्वी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा, आणि म्हणूनच लोक खराब सेवा सहन करायचे. सिंगापूरने १९९७ मध्ये नंबर सोबत न्यायची सोय आधी आणली, अमेरिकेत मोबाइलसाठी ती नोव्हेंबर २००३ मध्ये आली, भारतभर २० जानेवारी २०११ पासून. आता एका कोडवर काम होतं. भारतात १९०० वर आणि ब्रिटनमध्ये ६५०७५ वर मेसेज केला की तो येतो. त्याला मुदत असते, ब्रिटनमध्ये ३० दिवस आणि भारतात बहुतेक ठिकाणी ४ दिवस. म्हणून सगळी तयारी झाल्यावरच कोड मागावा.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते: जुनं कनेक्शन आपण होऊन आधी बंद करू नका. नंबर बंद झाला की पोर्ट करायला, म्हणजे नव्या कंपनीकडे न्यायला, काही उरतच नाही. पोर्ट पूर्ण झालं की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं. तोवर बिल थकवायचं नाही आणि दोन्हीकडे नाव अगदी सारखं हवं. आईच्या नंबरावर नाव माझं होतं हे मी विसरले असते तर तिथेच अडकले असते.

दोन्ही नंबर एकाच दिवशी हलवले नाहीत. आधी माझा, तोही मंगळवारी सकाळी, कारण काही बिघडलं तर समोर कामाचे दिवस हवेत. अकरा वाजून वीस मिनिटांनी रेंज गेली, पडद्यावर फक्त आणीबाणीचे कॉल. तीन तास तसेच. त्या वेळात बँकेचा ओटीपी येत नाही, त्यामुळे त्या दिवशीचे व्यवहार आदल्या रात्रीच करून ठेवले होते. अडीचच्या सुमाराला नवं नाव उमटलं. व्हॉट्सॲपला काहीच झालं नाही, कारण नंबर तोच.

आईचा नंबर गुरुवारी. तिचा फोन जुना, म्हणून नव्या कंपनीकडे फोर-जीवरून कॉल लागतो का ते आधी आयएमईआय घालून तपासलं होतं. लागत होता. सिम बदललं, फोन तिच्या उशाशी ठेवला आणि मी बाहेर गेटपाशी जाऊन उभी राहिले. घरातलं वायफाय बंद केलं होतं. चार वाजायला थोडा वेळ असताना माझा फोन वाजला.

"येतंय का गं ऐकू?"

"स्वच्छ येतंय. तू कुठून बोलतेस?"

"कुठून म्हणजे? पडल्या पडल्या."

मी बोलत बोलतच आत गेले. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. खोलीत वॉकर कोपऱ्यात भिंतीला टेकलेला होता. मी दारात आले तरी आईने फोन कानाचा काढला नव्हता.