टेनोफोविर कुणाचं?

परवा दुपारी जेवताना शेजारच्या संशोधन गटातला एक जण सहज म्हणाला, "तुम्ही भारतीय औषधं छान कॉपी करता." त्याच्या मनात वाईट नव्हतं, तरी माझा घास घशात अडकला. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

प्रागमध्ये विषाणूविरोधी औषधांवर काम करायचं म्हणजे ज्यांच्या रेणूंतून टेनोफोविर हे एचआयव्हीवरचं औषध आलं, त्या रसायनशास्त्रज्ञ अंतोनीन होली यांच्या सावलीत वावरायचं. फ्लेमिंग चौकातल्या सेंद्रिय रसायन आणि जीवरसायन संस्थेत हा माणूस आयुष्यभर रेणू जोडत बसला. १९७६ साली गटिंगेनच्या परिषदेत त्यांची गाठ बेल्जियमचे विषाणूतज्ज्ञ एरिक डी क्लेर्क यांच्याशी पडली. मध्ये शीतयुद्धाचा लोखंडी पडदा होता, पण होली इथून संयुगं पाठवत राहिले आणि डी क्लेर्क लुव्हनला ती विषाणूंवर तपासत राहिले.

होलींच्या रसायनाचं मला आजही अप्रूप वाटतं. न्यूक्लिओसाइड जातीच्या, म्हणजे डीएनएच्या घटकांसारख्या दिसणाऱ्या औषधाला कामाला लागण्याआधी पेशीत फॉस्फेट चिकटावं लागतं, आणि पहिलं फॉस्फेट चिकटायलाच बहुतेकदा फार वेळ जातो. होलींनी फॉस्फरस थेट कार्बनला जोडून आधीच बसवून दिला. हा बंध पेशीतल्या एन्झाइमना सहजी तोडता येत नाही. मग एचआयव्ही स्वतःच्या डीएनएची साखळी गुंफू लागला की त्यात हा रेणू शिरतो. माळेत असा मणी यावा की ज्याला पुढे भोकच नाही, तशी ती साखळी तिथेच थांबते.

अडचण अशी की टेनोफोविरवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते तोंडावाटे घेतलं तर आतड्यातून नीट शोषलं जात नाही. अमेरिकेत जॉन मार्टिन यांच्या गिलियड कंपनीने तो भार झाकणारं रूप तयार केलं आणि २००१ मध्ये गोळी बाजारात आली. पहिल्या भेटीपासून २५ वर्षं! १६ जुलै २०१२ रोजी होली वारले. त्याच दिवशी टेनोफोविर असलेल्या एका गोळीला अमेरिकेत एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी मंजुरी मिळाली.

इथवर सगळं श्रेय त्यांचं, आणि ते मी मान झुकवून देते. पण गोळी बाजारात आली म्हणजे माणसापर्यंत पोचली असं होत नाही. माझं लहानपण मिरजेत गेलं. एड्सचं नाव तिकडे कुजबुजत घेतलं जायचं, आणि ज्या घरात तो शिरला त्या घराचं काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. तीन औषधांच्या उपचाराला पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येत होता, तेव्हा २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तसा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्यात टेनोफोविर नव्हतं, पण वाट त्यानेच मोकळी झाली. पुढे २००९ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने टेनोफोविरच्या त्या झाकलेल्या रूपावरचे अर्ज फेटाळले. हरकत घेणाऱ्यांत सिप्ला होती, तशा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनाही होत्या.

आणि कॉपी म्हणजे नेमकं काय? १९७० च्या कायद्याने २००५ पर्यंत आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने, स्वस्तात आणि टनावारी काढायचा. फ्लास्कमध्ये ग्रॅमभर पदार्थ काढून कॉलम लावणं, म्हणजे तो भरलेल्या नळीतून सोडून शुद्ध करणं, मला जमतं. कारखान्यातल्या मोठ्या रिॲक्टरमध्ये कॉलम लावता येत नाही. तिथे पदार्थ स्फटिक होऊनच शुद्ध निघावा लागतो, माल किती निघतो ते सांभाळावं लागतं, सॉल्व्हंट (द्रावक) परत मिळवावा लागतो. हे डोकं माटुंग्याच्या यूडीसीटीसारख्या, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागासारख्या ठिकाणी घडलं. त्याला नक्कल म्हणणाऱ्याने एकदा शंभर किलोची बॅच काढून दाखवावी.

मग तू तिथे का, असं आत्या दर फोनला विचारते. आत्या, होलींना मिळाली तशी पंचवीस वर्षं मला तिकडे कोण देणार? आपल्याकडे प्रकल्प तीन वर्षांचा, आणि दुसऱ्याच वर्षी विचारतात की औषध कुठपर्यंत आलं. फेलोशिपचे पैसे सहा-सहा महिने अडकलेले मैत्रिणींनी सोसले आहेत. इथे माझा रेणू वर्षभर काहीच करत नव्हता, तरी कुणी भुवई उंचावली नाही. मी देश सोडला असं मला वाटत नाही. इथे काही सापडलं तर त्याची स्वस्त गोळी आपल्याकडचेच कुणीतरी बनवतील, याची मला खात्री आहे. करार वाढवायचा कागद आला होता, त्यावर काल सही केली.