सोललेल्या कोळंबीने खाल्लेले दोन महिने

खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या माशांसाठी आणि कोरलसाठी (प्रवाळांसाठी) घरी फ्रोझन खाद्य करणं अवघड नाही, मिक्सर आणि फ्रीजर पुरतो. अडलं ते कोळंबीपाशी, आणि अजूनही त्याची चीड येते.

नाशिकला माल येतो तो कसारा घाट चढून, बर्फात. सोलत बसायचा कंटाळा म्हणून मी सोललेलं पाकीट घेतलं. ‘यात काही घातलेलं नसतं हो,’ असं दुकानात छातीठोक सांगितलं गेलं. दोन महिन्यांत फॉस्फेट ०.०५ वरून ०.३ पीपीएम, काचेवर शेवाळ. संशय आला म्हणून ५० ग्रॅम कोळंबी लिटरभर आरओ पाण्यात अर्धा तास ठेवून ते पाणी फॉस्फेटच्या किटने तपासलं. शेजारी कवचवाल्या कोळंबीचं पाणी. आकडे जवळपास सारखेच! कोळंबीचा दोष नाही असं समजून मग मी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) धूत बसलो, फिल्टरमधला मीडिया बदलला, पैसे घातले.

घोटाळा किटमध्येच आहे. पाणी धरून वजन टिकावं म्हणून अशी कोळंबी बरेचदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात. आपली किट फक्त ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे सुटं फॉस्फेट मोजतात. हे साखळीतलं पॉलिफॉस्फेट टँकमध्ये हळूहळू तुटतं, तेव्हा कुठे ते आकड्यात उतरतं. म्हणून चाचणीवर विसंबू नका, लेबल वाचा: आयएनएस (खाद्यात घातलेल्या द्रव्याचा क्रमांक) ४५१ किंवा ४५२ दिसलं की पाकीट परत. लेबलच नसेल आणि कोळंबी साबणासारखी बुळबुळीत लागली, तरी नकोच. सरळ ‘मावशी, कवचासकट द्या’ म्हणायचं आणि घरी सोलायची.

प्रमाण: घरी सोललेली कोळंबी ४०० ग्रॅम, माकूल २००, तिसऱ्यांचा गर १००, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ४ पानं. तिसऱ्या वाढवू नका. त्यांतलं थायमिनेज हे विकर ब१ जीवनसत्त्व मोडतं. स्वस्त मिळतात म्हणून रोहू-कटला घालू नका, समुद्री माशांना लागणारी मेदाम्लं त्यांत कमी. सगळं आरओ पाण्याने धुऊन, निथळून, मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला की लगदा होतो आणि टँक गढूळ.

एलपीएस (मोठ्या पॉलिपच्या, कठीण सांगाड्याच्या) कोरलचा वाटा याच टप्प्यावर वेगळा काढा, अगदी बारीक वाटून चहाच्या गाळणीतून दाबा. त्यात जिलेटिन नाही.

बाकीच्यात २५ ग्रॅम जिलेटिन. १०० मिली गार पाण्यात १० मिनिटं भिजवून गरम पाण्यावर विरघळवा, उकळू नका. चायना ग्रास मी वापरून पाहिला: ४० अंशांच्या आसपास तो जमतो, त्यामुळे गार खिम्यात पडताक्षणी गाठी.

झिप पिशवीत ५ मिमी जाडीचा थर, आडवा, फ्रीजरच्या तळाला टेकवून. जाड गोळा सावकाश गोठतो, बर्फाचे मोठे कण पेशी फोडतात आणि वितळताना सगळा रस पाण्यात जातो. व्हिटॅमिनचे थेंब मात्र जिलेटिन कोमट झाल्यावर घालायचे, हे वर राहिलं.

३ महिन्यांत संपवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुप्पट करून ठेवतो. देताना तुकडा टँकच्याच पाण्यात वितळवून जाळीतून गाळा, ते पाणी बेसिनमध्ये. कोरलला रात्री, पंप १५ मिनिटं बंद करून.