टॉवरला एकदा प्रदक्षिणा घालून बघा

मागच्या महिन्यात पाऊस जरा उघडला म्हणून एका रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. बरोबर चुलत भावाचा मुलगा. तो सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या त्याला जगातल्या प्रत्येक भिंतीत क्रॅक दिसतात, हॉटेलात चहा प्यायला बसलो तरी वरच्या बीमकडं बघत बसतो. गडावरून उत्तरेकडं बघितलं की अख्खं बेळगाव दिसतं. मी शाळेत असताना बाबांबरोबर यायचो तेव्हा शहर म्हणजे नुसती झाडी आणि मधनं मधनं लाल कौलं, आता झाडीच्या वर पांढरे पिवळे खोके डोकं काढून उभे आहेत. आमच्याकडं टॉवर म्हणजे काय मुंबईसारखे चाळीस-पन्नास मजले नव्हेत हं, सात-आठ मजले चढले की आम्ही त्याला टॉवर म्हणतो. पण नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणं १५ मीटरच्या वर गेलेली कुठलीही बिल्डिंग हायराईजच, म्हणजे आम्ही अगदीच चुकीचं बोलत नाही.

तर हा पोरगा विचारतोय, "काका, यातला तुमच्या मावशींचा टॉवर कुठला?" आणि मला सांगता येईना. मावशी तिलकवाडीच्या बाजूला नवव्या मजल्यावर राहते, मी महिन्यातनं दोनदा तरी जातो, तरी ओळखता येईना. सगळे सारखेच. सिमेंटचा करडा रंग, त्यावर काळे ओघळ, पाईपांच्या उभ्या रेघा, बाथरूमच्या बारक्या खिडक्या. बराच वेळ डोळे बारीक करून बघितल्यावर डोक्यात आलं की आपण या सगळ्यांच्या पाठी बघतोय. तोंडं पलीकडं रस्त्याकडं आहेत. ब्रोशरमधी जे दिसतं ते तिकडं, आणि इकडं, जिकडून निम्मं शहर त्याला रोज बघतं, तिकडं कुणी काही केलेलंच नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय.

माझा जन्म शहापूरच्या गल्लीतला. गल्लीतलं घर कसं असतं, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, मागं परसू, आणि पुढं तेवढी दहा-पंधरा फुटांची दर्शनी बाजू. पायरी, कट्टा, दरवाजाची चौकट, वर माडीची लाकडी खिडकी, जे काय नक्षीकाम करायचं ते तिथंच. बाजूच्या भिंती दिसणारच नाहीत तर गवंड्याला कशाला पैसे घालायचे? एकदम बरोबर हिशोब. शे-दोनशे वर्षं आपल्याकडचे घर बांधणारे याच हिशोबानं डोकं चालवत आले. आता तोच माणूस किंवा त्याचा नातू बिल्डर झाला आणि त्यानं एक गल्लीतलं घर घेतलं, त्याच्यावर तसलीच आठ घरं चढवली आणि मोकळ्या प्लॉटच्या मधोमध उभं केलं. पुढच्या बाजूला काच, एसीपी शीट (ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा), एखादा रोमन खांब, रात्री पेटणारं निळं लाईट. बाकीच्या तीन बाजू? त्या जणू शेजाऱ्याला चिकटूनच आहेत. आमच्याकडं बांधकामाच्या लाईनीत पुढच्या बाजूला 'एलिव्हेशन' म्हणतात, खरं तर नकाशावर एलिव्हेशन चार असतात, पण साईटवर कुणालाही विचारा, "एलिव्हेशन झालं काय?" म्हणजे रस्त्याकडची बाजू झाली काय.

चारी बाजूंनी बघायची वास्तू ही काय आपल्याला परकी गोष्ट नाही. देऊळ काय असतं मग? प्रदक्षिणा घालायची म्हणून मागची भिंतसुद्धा पुढच्याइतकीच मनापासून केलेली असते, मागं देवकोष्ठ म्हणजे मूर्तीचा कोनाडा असतो, खालचे थर सगळीकडं फिरवून आणलेले असतात. आमच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. आत छताला दगडी कमळ आहे ते बघून सगळे परत फिरतात, पण एकदा बाहेरनं चक्कर मारून बघा. आठशे वर्षांपूर्वी कुणी म्हटलं नाही की मागं कोण बघतंय. टॉवर हा प्रकार घरापेक्षा देवळाला जास्त जवळचा आहे असं माझं मत झालंय, राहायला घर असला तरी दिसायला देवळासारखा एकटाच उभा असतो, त्याला पाठ असून चालत नाही. हायवेवरची सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाची आमच्याकडची विधानसभेची इमारत घ्या, २०१२ ला उद्घाटन झालं. त्या इमारतीबद्दल आपल्या लोकांची मतं काय आहेत ते इथं काढत नाही, परत भांडणं लागतील, पण बांधकाम म्हणून बघितलं तर पुण्याकडनं या नाहीतर धारवाडकडनं, तिची पाठ तुमच्याकडं आहे असं वाटत नाही.

आता पावसाचं. हे मला दिसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आमचा पाऊस जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूनं येतो, म्हणजे नैऋत्येकडनं, आणि सरळ पडत नाही, आडवा मारतो. जुन्या लोकांना हे पाठ होतं. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी बारीक, कौलांची वळचण चांगली दोन-तीन फूट पुढं काढलेली, काही घरांत पावसाळ्याआधी त्या बाजूला झापं बांधायचे. कॅम्पातले इंग्रजांचे बंगले बघा, चारी बाजूंनी व्हरांडा, मग भिंत. पाऊस आणि ऊन दोन्ही व्हरांड्यातच अडतं, आतल्या खोलीपर्यंत फक्त वारा जातो. चिरा म्हणजे जांभा दगड पण असा की खाणीतनं काढताना मऊ, हवेवर राहिला की घट्ट होतो, ओला झाला तरी पुढच्या उन्हात वाळतो. आणि आताचा टॉवर? सहा इंची सिमेंट ब्लॉक, त्यावर गिलावा, त्यावर पुट्टी आणि रंग, छज्जा दीड फुटाचा नाहीतर तोही नाही कारण 'क्लीन लूक' पायजे. नवव्या मजल्यावर वारा खालच्यापेक्षा किती जोरात असतो ते दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. दुसऱ्याच पावसाळ्यात मावशीच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत फुगली. बिल्डरला फोन केला तर तो म्हणाला, खिडकी उघडी ठेवली असेल. मावशी म्हणाली, "भिंतीला खिडकीच नाही रे बाबा, उघडी काय ठेवू?"

ह्याच्यावर उत्तर नाही असं नाही. मुंबईत पेडर रोडच्या बाजूला कंबाला हिलवर कांचनजंगा म्हणून बिल्डिंग आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी केलेली, १९८३ ला पूर्ण झाली, २८ मजले, ८४ मीटर उंच आणि फ्लॅट फक्त ३२. मी उद्यमबागच्या फाउंड्रीच्या कामानं मुंबईला गेलेलो तेव्हा मुद्दाम रस्ता वाकडा करून बघून आलो, वॉचमन विचारायला लागला कुणाकडं जायचंय. तिथं अडचण आपल्यासारखीच होती, समुद्राचा वारा आणि व्ह्यू पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारापण पश्चिमेनंच. कोरियांनी काय केलं, जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून टॉवरात नेला. बिल्डिंगचे कोपरेच कापून काढले आणि तिथं दोन-दोन मजले उंच गच्च्या केल्या, घर त्यांच्या मागं आत सरकलेलं. ऊन, पाऊस गच्चीत थांबतात. लांबून बघितलं तर चौकोनी खांबाचे कोपरे कुणीतरी चावून खाल्ल्यासारखे दिसतात आणि तीच तिची ओळख झाली, कुठल्याही बाजूनं बघा, लगेच कळतं की ही ती. वेगळं दिसायचं म्हणून काही चिकटवावं लागलं नाही. श्रीमंतांची बिल्डिंग आहे, तेवढा खर्च आमच्याकडं कोण करणार, हे सगळं मान्य. पण विचार तर फुकट घेता येतो की.

आमच्या टॉवरांना बाल्कनी असते, नाही असं नाही. तीन फुटांची. त्यात खुर्ची ठेवली तर माणसाचे पाय ठेवायला जागा नाही, आणि पावसाळ्यात ती पुरी भिजते. मग लोक काय करतात, ग्रिल मारतात, त्याच्यावर स्लायडिंग खिडकी, कुणी निळं प्लास्टिक, कुणी हिरवी जाळी. मग आर्किटेक्ट नाक मुरडतो की लोकांनी एलिव्हेशन खराब केलं. लोकांनी नाही खराब केलं हो, तीन फुटांची बाल्कनी आडव्या पावसाच्या तोंडाला देऊन तुम्हीच केलं, लोकांनी फक्त दुरुस्ती केली.

काचेबद्दल एकच सांगतो. ज्या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, जिथं आमच्या घरात माझ्या लहानपणी उन्हाळ्यातसुद्धा पंखा नव्हता, तिथं पश्चिमेला न उघडणारी काच लावायची आणि मग एसी बसवायचा, याला काय म्हणावं. आणि ते एसीपी शीट, ज्याच्या दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधी बऱ्याच वेळा साधं प्लास्टिक असतं, तसलंच क्लॅडिंग लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला लावलं होतं, १४ जून २०१७ ला खालच्या एका किचनमधी लागलेली आग त्याच्यावरनं वर चढली आणि ७२ माणसं गेली. आगीत न पेटणाऱ्या कोअरचं शीट पण मिळतं, महाग असतं. फ्लॅट बघायला गेल्यावर हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, सगळे मॉड्युलर किचनचं विचारतात.

खालच्या मजल्याचं बोलायलाच नको. खडेबाजारात नाहीतर गणपत गल्लीत चाललं की दुकानं, कट्टे, कुणीतरी हाक मारणारं. टॉवरच्या खाली काय, स्टिल्ट पार्किंग. अंधार, खांब, वॉचमनची मोडकी खुर्ची, बाहेर सात फुटांची कंपाउंड वॉल आणि तिच्यावर काचा. त्या रस्त्यावरनं संध्याकाळी बायकामाणसांना चालायला भीती वाटते आणि दोष पथदिव्यांना. पुतण्यानं इथं आपलं ज्ञान पाजळलं, म्हणाला २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादला ज्या बिल्डिंगा बसल्या त्यातल्या पुष्कळ अशाच होत्या, वर भिंती भरलेल्या आणि खाली नुसते खांब, आणि आपलं बेळगाव भूकंपाच्या झोन तीनमधी आहे. खांब जाड करून, मधी काही भिंती घालून ते मजबूत करता येतं, नियमात आहे, पण त्यानं दोन गाड्यांची जागा जाते. त्या दोन गाड्या आमच्याकडं भूकंपापेक्षा मोठ्या.

आणि डोकं. स्कायलाईन स्कायलाईन म्हणतो आपण, ती काढते कोण? सिंटेक्सच्या काळ्या टाक्या, लिफ्टची खोली, मोबाईलचा टॉवर आणि एखादं गंजलेलं होर्डिंग. आर्किटेक्टनं काढलेली बिल्डिंग गच्चीच्या कठड्यापाशी संपते आणि तिथनं पुढं प्लंबरची सुरू होते. टाक्यांभोवती एक नीट भिंत, वर छप्पर, एवढ्यानं काम होईल, त्यासाठी घुमट नको. घुमट लावलेले पण आहेत दोन-तीन ठिकाणी, फायबरचे, सोनेरी, त्याच्यापेक्षा टाकी परवडली.

उंचीला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. गावाबाहेरची काळी सुपीक जमीन, येळ्ळूरच्या बासमतीची शेतं खाऊन ले-आउट पाडण्यापेक्षा वर जाणं शंभर टक्के बरं. किल्ल्याच्या तळ्याकाठचा तिरंगा ११० मीटर उंच आहे, मजला तीन मीटरचा धरला तर जवळजवळ ३६ मजले. एवढी उंच काठी आमच्या डोळ्यांना सवयीची झाली, तिच्या तिसऱ्या हिश्शाचे टॉवर का खुपावेत? काठी चारी बाजूंनी सारखी आहे, म्हणून खुपत नाही.

गडावरनं उतरल्यावर तसेच मावशीकडं गेलो. सोसायटीची मीटिंग नुकतीच झालेली, रंग द्यायचा ठराव झालाय म्हणाली. म्हटलं बरं झालं, पश्चिमेच्या भिंतीला आधी क्रॅक भरून घ्या, चांगलं वॉटरप्रूफिंग करा. मावशी म्हणाली, "नाही रे, फंड कमी पडतोय म्हणून फक्त पुढची बाजू रंगवायलेत. दिवाळीच्या आत."

स्वयंपाकघराच्या खिडकीतनं पलीकडच्या टॉवरची पाठ दिसते, दहा-बारा फुटांवर. नुसतं सिमेंट, शेवाळ, आणि पाचव्या मजल्याच्या पाईपाजवळ फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप, आता चांगलं हातभर झालंय. पुतण्या लगेच सुरू झाला की मुळं आत शिरतील, आत्ताच काढायला पाहिजे, त्या सोसायटीला कळवा.

मावशी चहा गाळत होती. "कळवू नकोस हं," म्हणाली, "या खिडकीतनं तेवढं एकच हिरवं दिसतंय मला."